पाऊस चालेल, पत्रा नको

पत्र :

आमच्याकडे तीन फुटी समुद्री टाकी आहे, पाणी साधारण १८० लिटर. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प, चार-पाच हर्मिट क्रॅब, गोगलगायी आणि थोडे सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ. टाकी मुलाची, तो बारावीला, राबते मी. पाण्यासाठी आरओ-डीआयचं, म्हणजे पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार काढणारं, छोटं मशीन घेतलंय. ते एक कॅन चांगलं पाणी देतं आणि तीन कॅन मोरीत सोडतं. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की सासऱ्यांचा पारा चढतो. "आम्ही विहिरीवरून पाणी शेंदून आणायचो आणि तुम्ही माशांपायी गटारात ओतता!" यंदा पाऊस लागल्यावर त्यांनीच तोडगा काढला. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीवर सोसायटीची पत्र्याची शेड. तिच्या पन्हळीखाली त्यांनी भंगारवाल्याकडचा निळा ड्रम ठेवला. पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर लावला तर १२ आला. नळाचं ७० येतं. सासरे म्हणाले, "बघ, तुझ्यापेक्षा देवाचं मशीन बरं." गेल्या आठवड्यात त्यातलं चारेक लिटर त्यांनी परस्पर टाकीत ओतलं. दोन दिवसांनी दोन गोगलगायी उलट्या पडलेल्या दिसल्या. श्रिम्प दगडाआड गेलाय तो बाहेरच येत नाही. मुलगा आजोबांशी बोलत नाही. दुकानदार म्हणतो पावसाचं पाणी अजिबात नको. सासरे म्हणतात, समुद्रात काय बिसलेरी पडते? खरं काय धरायचं?

– एक वाचक, ऐरोली

उत्तर :

ताई, आधी टाकीचं बघू, भांडणाचं नंतर.

उलट्या पडलेल्या गोगलगायी उचलून वास घ्या. मेलेली गोगलगाय लपत नाही, असा दर्प येतो. मेल्या असतील तर लगेच काढा, कारण शंखाच्या आत सडणारा जीव अमोनिया सोडत राहतो. वास नसेल तर सरळ करून ठेवा आणि तासाभराने बघा. काही जातींना एकदा उलटं पडलं की स्वतःहून सरळ होता येत नाही. श्रिम्पचं म्हणाल तर दगडाआड टॉर्च मारा. काचेसारखं पारदर्शक, मिशांसकट अख्खं रिकामं कवच दिसलं तर त्याने कात टाकलीय. नवं कवच टणक होईपर्यंत एक-दोन दिवस तो तोंड दाखवत नाही. त्या रिकाम्या कवचाला मेलेला श्रिम्प समजून घरोघरी रडारड होते.

मग क्षारता मोजा. १८० लिटरमध्ये चार लिटर गोडं पाणी जास्तीचं गेलं तरी ३५ ची क्षारता (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ) ३४.२ च्या आसपास येते. तेवढ्याने गोगलगायी आडव्या होत नाहीत. म्हणून संशय ड्रमातल्या पाण्यावरच जातो. तुमचे मासे ठणठणीत दिसतायत, त्याचंही हेच सांगणं. समुद्री माशांच्या काही रोगांवर तांब्याचंच औषध देतात, ते मासे सोसतात. तेच तांबं गोगलगायी, श्रिम्प, खेकडे आणि कोरल यांचा मात्र घात करतं. पत्र्यावरून उतरलेल्या धातूनेच मारलं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण पुरावा हाती येईपर्यंत थांबायची ही वेळ नाही. आज मशीनचं ४५ लिटर पाणी काढा, मीठ घालून पंप लावून रात्रभर फिरवत ठेवा. उद्या त्याची क्षारता आणि तापमान टाकीशी जुळवून पाव टाकी बदला. फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि तांबं शोषणारं पॅड घाला. तांब्याचं टेस्ट किट दुकानात मिळतं, तेही आणून ठेवा.

आता सासऱ्यांचं. त्यांचा राग वावगा नाही, पण हिशेब करून बघू. तुमच्या टाकीला आठवड्याला १० टक्के बदलायला १८ लिटर आणि रोजची वाफ भरून काढायला दोन लिटर धरले तर आठवड्याचे ३२, महिन्याचे १४० लिटर होतात. एकास तीन या हिशेबाने मोरीत जातं ते महिन्याला ४२० लिटर, म्हणजे दिवसाला १४ लिटर. एक बादली. शिवाय ही बादली घाण नसते. नळाचं पाणी ७० टीडीएसचं, त्यातले जवळजवळ सगळे क्षार तीन हिश्शांत जमा झाले तरी आकडा ९०-९५ च्या वर जात नाही. कित्येक गावांत विहिरीचं पाणी याच्या चौपट-पाचपट असतं. मोरबे धरणाचं पाणी मुळातच मऊ, त्यामुळे नवी मुंबईत मशीनच्या टाकाऊ पाण्याला टाकाऊ म्हणणंच चूक आहे. ते पिऊ नका, कारण मशीनमधल्या कार्बनमधून जाताना त्यातलं क्लोरीन निघून गेलेलं असतं. पण कपडे, फरशी, संडास, कुंड्या यांना ते खुशाल वापरा. नळी मोरीतून काढा आणि बादलीत सोडा. पावसाच्या थेंबाला हात न लावता अर्धं भांडण इथेच मिटतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी तुमचा मूळ प्रश्न. दुकानदार 'अजिबात नको' म्हणतो, ते मला मान्य नाही. पावसाचं पाणी चालतं. उघड्या आभाळातून पडून थेट स्वच्छ भांड्यात आलेलं पाणी हे समुद्री टाकीसाठी उत्तम कच्चा माल आहे. सगळा घोळ ते कशाकशाला शिवून आलं यात आहे.

शेडवर नुसता एकदा चढून बघा. पत्रा गॅल्वनाइज्ड असेल तर त्यावर जस्ताचा थर असतो, आणि पावसाचं पाणी मुळात किंचित आम्लधर्मी, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा सामू (पीएच) साधारण ५.६ वर आलेला. ते जस्त हळूहळू सोडवतं. वर गंजलेले स्क्रू, सांध्यांना मारलेलं डांबर नाहीतर वॉटरप्रूफिंगचा मसाला. कुणाचा सोलर हीटर, पडलेली वीज जमिनीत नेण्यासाठी उभारलेल्या दांड्याची तांब्याची पट्टी. आणि कबुतरं. ठाणे काय, ऐरोली काय, कुठल्याही शेडच्या कण्यावर पांढरा थर बसलेला असतो. त्या विष्ठेतून फॉस्फेट आणि नायट्रोजन थेट ड्रमात. गोगलगायी वाचल्या असत्या तरी महिन्याभरात टाकीत हिरव्या शेवाळाचं रान माजलं असतं.

यातलं काहीही टीडीएस मीटरला धड दिसत नाही. या बारक्या यंत्राने फार जणांना फसवलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून अंदाजे आकडा दाखवतो. ज्या पदार्थाने वीज वाहत नाही तो त्याच्यासाठी नाहीच. युरिया, तेलाचा तवंग, डांबरातून उतरलेले पदार्थ, कीटकनाशक यांपैकी काहीही पाण्यात असलं तरी मीटर गप्प. तांबं, जस्त त्याला कळतात, पण त्याचा सगळ्यात लहान आकडा १ आणि आपल्याला भीती दशांशातली. लिटरला ०.१ मिलिग्रॅम तांबं कोरलला भारी पडू शकतं, मीटरवर मात्र १२ चे १२ च राहतात. उलट गंमत अशी की खाडीला लागून असलेल्या ऐरोलीत पावसाच्या थेंबांतच समुद्राचं थोडं मीठ असतं. १२ पैकी काही आकडा त्याचाही असेल, आणि तो समुद्री टाकीला शून्य त्रास देतो. म्हणजे मीटरने निरुपद्रवी ते मोजलं आणि घातक ते सोडून दिलं. मशीनच्या पाण्यावर मीटर उपयोगाचा आहे, कारण तिथे तो मशीनमधला गाळणारा पडदा (मेम्ब्रेन) आणि उरलेले क्षार शोषणारं रेझिन दमलेत का एवढंच सांगतो. अनोळखी पाण्याला चारित्र्याचा दाखला द्यायला तो बसलेला नाही.

दुसरी गोष्ट साठण्याची. टाकीतून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, बाकी सगळं मागे राहतं. रोज दोन लिटर भरता म्हणजे ९० दिवसांत १८० लिटर, अख्ख्या टाकीइतकं पाणी वरून ओतता. त्या सगळ्या पाण्यातलं तांबं, जस्त, फॉस्फेट टाकीतच जमतं. आठवड्याच्या पाणीबदलाने थोडं कमी होतं खरं, पण बदलाचं पाणीही त्याच ड्रमातलं असेल तर उजेडच. 'एवढ्याशाने काय होतंय' हे म्हणणं पहिल्या बादलीला कदाचित लागू पडेल, पन्नासाव्या बादलीला पडत नाही.

सासऱ्यांचा समुद्राचा मुद्दा मला आवडला. समुद्रात पडतो तो पाऊस पत्र्यावरून घसरून पडत नाही, हे एक उत्तर. दुसरं असं की किनाऱ्याजवळ पावसाळ्यात खरोखरच पाणी गोडं होतं. ऐरोलीच्या खाडीतच बघा, जुलैत तिथली क्षारता किती उतरते. तिथले जीव ते सोसायला घडलेले असतात. तुमचे कोरल नाहीत. आणि खाडीचा विषय निघालाच आहे तर तिचं पाणी बाटलीत भरून आणायचा विचारही घरात कुणी करू नये. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ. फ्लेमिंगोंना तिथली शेवाळं आवडतात. पण शहराचं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या नाल्यांचं पाणी त्याच खाडीला मिळतं.

निळ्या ड्रमाला रजा द्या. भंगारात येणारे ते ड्रम बहुतेक कारखान्यांतून रिकामे झालेले असतात. आत काय होतं ते भंगारवाल्यालाही ठाऊक नसतं. साबणाने दहा वेळा घासला तरी प्लास्टिकने शोषलेलं रसायन हळूहळू बाहेर येत राहतं. गाडी धुवायला ठेवा. टाकीसाठी नवी, खाद्यपदार्थांसाठी चालणारी भांडी घ्या, बुडाला पेला-काट्याची खूण असते ती बघून. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जारही चालतील.

पाणी धरायची पद्धत अगदी सोपी आहे आणि ती सासऱ्यांकडेच सोपवा. त्यांना पावसाची नक्षत्रं माहीत असणार, तुम्हाला-मला हवामान खात्याचं ॲप लागतं. वळवाचा पाऊस सोडायचा. मृगाचाही सोडायचा. आठ महिन्यांची धूळ, रस्त्याची काजळी, महापे-रबाळेच्या कारखान्यांकडची हवा हे सगळं पहिल्या सरी धुऊन खाली आणतात. आर्द्रा मुरल्यावर, खरं तर पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, म्हणजे जुलैची झड, तेव्हाचं पाणी धरायचं. तेव्हाही दिवसभर उघडीप पडून पुन्हा सर आली तर पहिली दहा-पंधरा मिनिटं भांडं बाहेर ठेवायचं नाही.

भांडं म्हणजे दोन नवे प्लास्टिकचे टब, तोंडाशी ६० सेंटिमीटरचे, शक्यतो सरळ भिंतीचे. गच्चीच्या उघड्या भागात, शेडपासून आणि कठड्यापासून लांब, स्टुलावर ठेवायचे. खाली जमिनीवर नको, कारण जोराच्या पावसात गच्चीचे शिंतोडे फूटभर उडतात आणि गच्चीवरचा मसाला त्यातूनच टबात येतो. सरळ भिंतीच्या टबात जेवढे मिलिमीटर पाऊस पडला तेवढे मिलिमीटर पाणी साठतं. १०० मिलिमीटरच्या दिवशी चार इंच, म्हणजे एका टबात साधारण २८ लिटर. दोन टबांत ५६. तुमची आठवड्याची गरज ३२ लिटरची. हे पाणी मशीनमधून काढायचं आहे (पुढे सांगतो) आणि त्यात बरंच जातं, त्यामुळे जुलैत असे दोन झोडपणारे दिवस मिळाले तर आठवडा निभावतो. पाऊस थांबला की टब आत, नाहीतर कबुतर त्यात अंघोळ करून जाईल. आणि गच्ची सगळ्यांची आहे, तेव्हा सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. समोरच्या बिऱ्हाडाला टब दिसला की तक्रार येणारच.

वर्षभराचं साठवायच्या फंदात पडू नका. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना तुम्हाला हजार-अकराशे लिटर लागेल. ते फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? त्यातही अडचण अशी की पावसाळ्यात हवा दमट, वाफ कमी, म्हणून टाकीला वरून पाणीही कमी लागतं. खरी तहान एप्रिल-मेमध्ये, टाकी थंड ठेवायला पंखा लावता तेव्हा. त्यामुळे पावसाळ्याचे तीन-चार महिने पाऊस आणि पुढे मशीन, असंच धरून चाला.

टबातलं पाणी तसंच टाकीत ओतायचं नाही. ते तुमच्याच मशीनमधून काढा. बादलीतून पाणी खेचायला बूस्टर पंप लागेल, मशीनला नसेल तर घ्यावा लागेल. पंप कोरडा चालू देऊ नका, लगेच जळतो. पाच मायक्रॉनची कॅन्डल गाळ धरते, कार्बन तेलकट आणि सेंद्रिय पदार्थ धरतो, मेम्ब्रेन धातू अडवते, उरलंसुरलं रेझिन काढतं. १२ टीडीएसच्या पाण्याने रेझिन ७० च्या मानाने कितीतरी जास्त टिकतं, आणि पावसाच्या पाण्याचा खरा पैशातला फायदा हाच आहे. मोरीकडे जाणारं पाणीही पावसाचंच, ते एकदा परत बादलीत घेऊन पुन्हा फिरवायला हरकत नाही. दोनदा झाल्यावर कुंड्यांना घाला. काही जण मेम्ब्रेन वगळून नुसतं कार्बन आणि रेझिनमधून काढतात, मग एक थेंबही वाया जात नाही. पाणी थेट आभाळातलं असेल तर तेही चालण्याजोगं आहे. तुमच्या टाकीत नुकतंच जे झालं ते पाहता यंदा तरी मेम्ब्रेन वगळू नका.

शेजारी कुणी सांगेल की स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी घ्या. नको. त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, नाहीतर खनिजांची कांडी. हल्ली तर तांबं मुद्दाम घालणारे प्युरिफायर घरोघरी आहेत. माणसाला ते चालत असेल, तुमच्या श्रिम्पला नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून येतं, त्यालाही तेच उत्तर.

साठवणीत सगळ्यात महत्त्वाचं झाकण. पावसाळ्यात उघडं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण तुम्हाला दुसराही धोका आहे, आणि त्याचा विचार कुणी करत नाही. डासांच्या अळ्यांसाठी साठवलेल्या पाण्यात टेमेफॉस घालतात. घरोघर तपासणीला आलेल्या माणसांनी गच्चीवर उघडा ड्रम पाहिला की त्यात चार थेंब टाकून पुढे जाणं हे त्यांचं कामच आहे. ते ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक आहे, अळ्यांना मारायला बनवलेलं, आणि श्रिम्प-खेकडे त्याला फार हळवे असतात. तुमच्या ड्रमात आधीच कुणी ते टाकलेलं असू शकतं. सासऱ्यांना विचारा, गेल्या पंधरवड्यात गच्चीवर कुणी आलं होतं का. उत्तर 'हो' असेल तर गोगलगायींचं कोडं बहुधा तिथेच सुटेल, आणि मग पाणीबदल एकावर न थांबवता चार दिवसांनी पुन्हा करा, कार्बनही बदला. सोसायटीत धूरफवारणी असेल त्या दिवशी हॉलच्या खिडक्या बंद, टाकीचा हवेचा पंप बंद आणि टाकीवर ओलं फडकं. पाणी फिरवणारा पंप मात्र चालू राहू द्या.

मशीनमधून निघालेल्या पाण्याचा सामू मोजत बसू नका. इतक्या निव्वळ पाण्यात तो आकडा हेलकावे खातो आणि त्याला काही अर्थ नसतो. रीफचं, म्हणजे प्रवाळांच्या टाकीचं, मीठ शून्य टीडीएसच्या पाण्यासाठीच बनवलेलं असतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (सामू टिकवून धरणारे क्षार) सगळं त्यातूनच येतं. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, एवढं पाळा. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाण-द्रावणाने जुळवून घ्या, साध्या पाण्याने नव्हे.

सुरुवातीचे दोन आठवडे निम्मं पावसाचं, निम्मं नळाचं, दोन्ही मशीनमधूनच काढलेलं. दर आठवड्याला फॉस्फेट बघा. नव्या गोगलगायी आणायची घाई नको. तांब्याची टेस्ट शून्य आल्यावर आणखी पंधरा दिवस जाऊ द्या, मग दोनच आणा. आणायला मुलाला आजोबांबरोबर पाठवा. दुकानात कुणी हळूच 'हार्ड कोरलपण आहे, दाखवू का' म्हणालं तर दोघांनी तिथून काढता पाय घ्यावा. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्या खरेदी-विक्रीला या कायद्याने बंदी आहे.